गाडी झाकून ठेवू, चावी जपून ठेवू

 

आज आपण दोन चाकांच्या गाडीविषयी बोलणार आहोत. आपल्याकडे कुणाची स्कूटी, कुणाची मोटारसायकल. अंगणवाडीताई गाडीवर येते, आशाताई वस्तीवर गाडीवर जाते, रांजणगावच्या नाहीतर कुरकुंभच्या एमआयडीसीत कामाला जाणाऱ्या मुली गाडीवर जातात. डेअरीला दूध घालणं, बँकेत गटाचे पैसे भरणं, केडगावच्या बाजारात भाजी नेणं, ही सगळी कामं त्या गाडीवर चालतात. बऱ्याच जणींनी ती गटाचं कर्ज काढून घेतलेली असते.

आणि मग घरात गोड बातमी येते. दिवस गेले की आज ना उद्या गाडी चालवणं थांबवावं लागतं. पहिलं बाळंतपण असेल तर सातव्या महिन्यात माहेरी जायचं आणि बाळ तीन-चार महिन्यांचं झालं की परतायचं, अशी आपली रीत. म्हणजे गाडी सहा महिने तरी उभी. कुणी लवकर थांबली तर आठ-दहा महिने. तेवढ्यात बॅटरी बसते, उंदीर वायरिंग कुरतडतात, नाहीतर पुतण्या गाडी फिरवून फिरवून तिचं पार खुळखुळं करतो. घरात कुणीतरी म्हणतं, "आता पोर झालं, कशाला पाहिजे गाडी? विकून टाकू." आणि जी बाई स्वतःच्या गाडीवर दहा गावं फिरत होती, ती दवाखान्यात जायलासुद्धा दुसऱ्याच्या सवडीची वाट बघत बसते.

म्हणून आम्ही म्हणतो, गाडी ठेवायची ती परत काढायच्या तयारीनं ठेवायची. ते कसं करायचं, ते आज क्रमाने बघू.

चालवणं कधी थांबवायचं?

अमुक महिन्यानंतर गरोदर बाईने गाडी चालवू नये, असा कायदा नाही. प्रत्येकीची तब्येत वेगळी, रस्ता वेगळा. म्हणून पहिल्याच तपासणीला डॉक्टरांना सरळ विचारायचं, "मी रोज इतके किलोमीटर गाडी चालवते. चालवू का? कधीपर्यंत?" विचारायला लाजायचं काही कारण नाही.

खरी भीती पडण्याची असते. पोट वाढतं तसा अंगाचा तोल पुढे जातो, सांधे सैल पडतात, रक्त कमी असेल तर चक्कर येते. आपले रस्ते तर आपल्याला माहीतच आहेत. गळीत हंगामात न्हावरा-चौफुला रस्त्यावर संध्याकाळनंतर उसाच्या ट्रॉल्या असतात आणि कितीतरी ट्रॉल्यांना मागे दिवा नसतो. गावोगावचे गतिरोधक रंग उडालेले. पोटावर मार बसला तर वरून खरचटलेलंही दिसत नाही, पण आत वार सुटू शकते. त्यात आईच्याही जिवाला धोका आणि बाळाच्याही. म्हणून गाडीवरून पडलात, मग चालवत असा नाहीतर मागे बसलेल्या असा, तर "काही लागलं नाही" म्हणून घरी बसायचं नाही. त्याच दिवशी दवाखान्यात जाऊन तपासून घ्यायचं. अंगावरून रक्त किंवा पाणी जाणं, पोट दुखणं किंवा दगडासारखं घट्ट होणं, बाळाची हालचाल कमी वाटणं, यातलं काहीही दिसलं तर एक क्षण थांबायचं नाही.

काही खुणा दिसल्या तर डॉक्टरांच्या पुढच्या तारखेचीही वाट बघायची नाही, गाडी लगेच थांबवायची. चक्कर येते, अंगावरून जातं, सोनोग्राफीत वार खाली असल्याचं सांगितलंय, हँडल पूर्ण वळवताना पोट मध्ये येतं, किंवा गाडी उभी करताना पाय नीट टेकत नाहीत. मेन स्टँडवर गाडी ओढून घेण्याचं काम तर पहिल्यापासूनच दुसऱ्याला सांगायचं.

मागे बसून जावंच लागलं तर दोन्ही बाजूंना पाय टाकून बसा आणि हेल्मेट घाला. साडीचा पदर, ओढणी चाकात जाणार नाही अशी खोचून घ्या. शक्य असेल तिथे एसटीने जा. १७ मार्च २०२३ पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात गरोदर बायकांची मोफत तपासणी असते, त्या दिवशी दोघी-तिघींनी मिळून जायचं ठरवलं तर सोबतही होते.

गाडी नाही, मग रात्री काय?

गाडी झाकायच्या आधी हे ठरलं पाहिजे. कळा सुरू झालेल्या बाईला दुचाकीवर बसवून न्यायचं नाही. १०८ नंबरची रुग्णवाहिका आपल्या राज्यात २०१४ पासून सुरू आहे. गरोदर बाई आणि तान्ह्या बाळासाठी १०२ नंबरची गाडी आहे. दवाखान्यात नेणं आणि परत घरी आणून सोडणं, दोन्ही मोफत. हे दोन्ही नंबर भिंतीवर मोठ्या अक्षरात लिहा. त्याखाली आशाताईचा नंबर आणि गावात ज्याच्याकडे चारचाकी आहे अशा दोघांचे नंबर. दोघांचे अशासाठी, की एकजण नेमका परगावी गेलेला असतो. माहेरी गेलात की तिथेही हीच यादी करायची.

कुठे ठेवायची, कुठे ठेवायची नाही

हे नीट ऐका, कारण यात जिवाचा प्रश्न आहे. आपल्याकडे जागा कमी, म्हणून गाडी घरातच आत घेतात. माहेरी असो की सासरी, बाळंतिणीच्या खोलीत शेगडी असते, शेक-शेगडी, धुरी चालू असते. पेट्रोलची वाफ डोळ्यांना दिसत नाही, हवेपेक्षा जड असते आणि जमिनीलगत पसरत जाते. ठिणगी मिळाली की पेटते. म्हणून जिथे बाळंतीण आणि बाळ झोपतं, जिथे चूल, गॅस, शेगडी, देवाचा दिवा असतो, तिथे गाडी ठेवायची नाही. शेजारच्या खोलीत ठेवून मधलं दार उघडं ठेवलं तरी धोका तोच.

बंद खोलीत गाडी चालू करून ठेवणं हेही तितकंच वाईट. धुरातल्या विषारी वायूला वास नसतो, माणूस गुंगीत जातो आणि उठतच नाही. गाडी चालू करायची ती अंगणात आणून.

मग ठेवायची कुठे? पडवीत, ओसरीला, पत्र्याच्या शेडमध्ये, जिथे हवा खेळते आणि पाऊस येत नाही अशा जागी. गोठ्यात नको, कारण शेणामुताच्या वाफेने लोखंड गंजतं. खताच्या पोत्यांशेजारीही नको, युरिया आणि इतर खतं ओल धरतात आणि पत्रा खातात. अंगावर प्लॅस्टिकचा कागद घट्ट गुंडाळू नका, आत घाम धरतो. जुनी सुती साडी किंवा चादर टाका, ती श्वास घेते. गोधडी मात्र नको. उंदराला घरच बांधून दिल्यासारखं होतं.

गाडी झाकायच्या आधीची कामं

ही कामं तुम्ही उभ्या राहून करून घ्या, स्वतः वाकून, ओढून करू नका. एका दिवसात गॅरेजवाला सगळं करून देतो.

पहिलं, गाडी धुऊन पूर्ण वाळवा. मडगार्डच्या आतला चिखल काढा. डिकी रिकामी करा. शेंगदाण्याचे चार दाणे राहिले तरी उंदीर येतो.

दुसरं, इंजिनचं ऑइल बदलून घ्या. वापरलेल्या काळ्या ऑइलमध्ये आंबटपणा तयार झालेला असतो, तो महिनोन्‌महिने आत राहिला तर भाग खातो. मोटारसायकल असेल तर साखळी साफ करून तिला तेल द्या.

तिसरं, पेट्रोल. आताच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल असतं. आपल्याकडचा ऊस कारखान्यात जातो, त्याच्या मळीपासून आणि रसापासून इथेनॉल होतं आणि ते पेट्रोलमध्ये मिसळतात. इथेनॉल हवेतली ओल ओढून घेतं. पेट्रोल फार दिवस टाकीत राहिलं तर पाणी खाली बसतं, टाकी आतून गंजते, आणि जुन्या गाडीच्या कार्बोरेटरमध्ये चिकट थर जमून गाडी चालू होत नाही. म्हणून गाडी दोन-तीन महिन्यांपेक्षा जास्त अजिबात हलणार नसेल, तर गॅरेजवाल्याकडून टाकी आणि कार्बोरेटर रिकामं करून घ्या. टाकीला आतून गंज धरू नये म्हणून तेलाचा हात द्यायला सांगा. एप्रिल २०२० नंतरच्या बहुतेक गाड्यांत कार्बोरेटर नसून इंजेक्शन असतं, त्यात पेट्रोलचा पंप टाकीतच बसवलेला असतो. अशा गाडीचं काय करायचं ते त्यालाच विचारा. घरी नळी लावून तोंडाने पेट्रोल ओढण्याचा प्रकार कुणीच करू नये, गरोदर बाईने तर नाहीच नाही. काढलेलं पेट्रोल बाटलीत भरून घरात ठेवायचं नाही. रॉकेल समजून कुणी चुलीत ओतलं तर अनर्थ होतो.

चौथं, बॅटरी. गाडी उभी असली तरी बॅटरी हळूहळू उतरते आणि पूर्ण उतरलेली बॅटरी बरेचदा पुन्हा उभी राहत नाही. ती सोडवून ठेवा. आधी उणे खुणेची वायर काढायची, मग अधिकची. लावताना उलट, आधी अधिकची, मग उणे. कोरड्या जागी, लेकरांच्या हाताला लागणार नाही अशी ठेवा आणि महिन्यातून एकदा चार्ज करून आणा. विजेवरची स्कूटर असेल तर बॅटरी निम्म्याच्या थोडी वर चार्ज करून ठेवा. शून्यावर आणून सोडू नका. दर महिन्याला बघत चला. उन्हात आणि चुलीजवळ नको.

पाचवं, टायर. हवा पूर्ण भरून गाडी मेन स्टँडवर उभी करा. पुढच्या चाकाखाली फळी द्या. पंधरा दिवसांनी चाक थोडं फिरवायचं, नाहीतर एकाच जागी भार पडून टायर चपटा होतो.

सहावं, उंदीर. सायलेन्सरच्या तोंडात कापडाचा बोळा घाला आणि त्याला लाल चिंधी बांधून बाहेर लोंबती ठेवा, म्हणजे गाडी चालू करताना काढायचं लक्षात राहील. उंदरासाठी पिंजरा लावा. विषाच्या वड्या नकोत, घरात रांगणारं लेकरू येणार आहे. डांबराच्या गोळ्याही गाडीत आणि बाळाच्या कपड्यांत ठेवू नका. काही बाळांच्या रक्तात जन्मतःच एक घटक कमी असतो. अशा बाळाला त्या गोळ्यांच्या वासाने रक्तपेशी फुटून जोराची कावीळ होऊ शकते. आपलं बाळ त्यातलं आहे की नाही, हे नुसतं बघून कळत नाही.

हे सगळं वाचून डोकं गरगरलं असेल तर सगळ्यात सोपा उपाय सांगतो. लायसन असलेल्या भरवशाच्या माणसाने, नणंदेने, जाऊबाईंनी, गटातल्या मैत्रिणीने, दर पंधरा दिवसांनी गाडी अर्धा तास चालवून आणायची. मग बॅटरी काढायला नको, टाकी रिकामी करायला नको. नुसती दोन मिनिटं चालू करून बंद करण्याने मात्र फायदा नाही. बॅटरी खर्च होते तेवढी भरत नाही आणि सायलेन्सरमध्ये पाणी साठतं.

कागद आणि चावी

गाडी उभी असली तरी कागदाची तारीख पुढे सरकत असते. एका पिशवीत आरसी बुक, विम्याचा कागद, लायसन, पीयूसी आणि दुसरी चावी ठेवा आणि प्रत्येकाची संपण्याची तारीख कॅलेंडरवर लिहा.

विमा दोन प्रकारचा असतो. आपल्या गाडीने दुसऱ्याला इजा झाली तर भरपाई देणारा, तो कायद्याने लागतोच. सप्टेंबर २०१८ पासून नवीन दुचाकीला तो पाच वर्षांचा एकदम काढावा लागतो. दुसरा, आपल्या गाडीची चोरी, आग, मोडतोड यांचा. फक्त पहिला असेल तर उभी गाडी चोरीला गेली तरी पैसे मिळत नाहीत. दुसरा विमा संपून ९० दिवस उलटले तर आजवर दावा न केल्याची सूट जाते. म्हणून माहेरी जायच्या आधी तारीख बघा. लायसनची मुदत संपली तर एका वर्षाच्या आत नूतनीकरण होतं. वर्ष उलटलं तर पुन्हा परीक्षा द्यावी लागते.

आता चावी. ज्याच्या नावावर गाडी, जबाबदारी त्याची. लायसन नसलेल्याला गाडी दिली तर मालकाला ५,००० रुपये दंड होऊ शकतो. अठरा वर्षांच्या आतल्या मुलाने चालवली आणि पकडला गेला, तर पालकाला किंवा गाडीच्या मालकाला २५,००० रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, आणि गाडीची नोंदणी एका वर्षासाठी रद्द होते. २०१९ साली मोटार वाहन कायद्यात हा बदल झाला. म्हणून "जरा चावी दे ना काकू" म्हणणाऱ्या नववीतल्या पुतण्याला प्रेमाने पण ठाम नाही म्हणायचं. सासूबाईंनाही हा दंड सांगून ठेवा, म्हणजे तुमच्या मागे त्याच नाही म्हणतील.

गाडी विकायचीच ठरली तर तोंडी व्यवहार नको. आरसीवर तुमचं नाव राहिलं आणि पुढच्या माणसाकडून अपघात झाला, तर भरपाईची जबाबदारी नाव असलेल्यावर येते, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली सांगितलं आहे. पण विकण्याआधी एक हिशेब मांडा. बाळ झालं की फेऱ्या वाढतात. लशीसाठी दीड महिन्याला, अडीच महिन्यांना, साडेतीन महिन्यांना आणि मग नऊ महिने पूर्ण झाल्यावर जावं लागतं. शिवाय कामावर परत जायचं असतं. गाडीची गरज बाळ झाल्यावर संपत नाही. कर्जाचा हप्ता राहिला असेल तर काम थांबण्याच्या आधीच गटाच्या बैठकीत तो विषय काढा. हप्ता थकल्यावर बोलण्यापेक्षा आधी बोललं तर मार्ग निघतो.

परत किक मारताना

बाळंतपणानंतर सहा आठवड्यांनी तपासणी असते. त्या वेळी डॉक्टरांना विचारा, "आता गाडी चालवू का?" सिझेरियन झालं असेल तर जास्त थांबावं लागू शकतं. अचानक ब्रेक दाबला, पाय टेकून गाडी सावरली, तरी टाक्याला कळ येत नाही, अशी खात्री पाहिजे. रात्रभर बाळाने जागवलं असेल तर त्या दिवशी गाडी नको. झोपेची डुलकी रस्त्यावर फार महागात पडते.

गाडी काढायच्या आधी सायलेन्सरचा बोळा काढा. बॅटरी लावा, ताजं पेट्रोल भरा, ब्रेक आणि हवा बघा, टायरला चिरा पडल्यात का ते तपासा, विमा आणि पीयूसी चालू आहे ना ते बघा. पहिले दोन-तीन दिवस गावातल्या मोकळ्या रस्त्यावर एकटीने फिरवा.

बाळाला घेऊन जायची घाई करू नका. एका हातात बाळ आणि मागे बसलेली आई, हे दृश्य आपण रोज बघतो, पण ते धोक्याचं आहे. फेब्रुवारी २०२३ पासून नियम असा, की चार वर्षांच्या आतलं मूल दुचाकीवर असेल तर त्याला चालवणाऱ्याशी बांधणारा पट्टा पाहिजे, नऊ महिन्यांपुढच्या मुलाला त्याच्या मापाचं हेल्मेट पाहिजे आणि गाडीचा वेग ताशी ४० किलोमीटरच्या वर जायला नको. तान्ह्या बाळाची मान धरलेली नसते, त्याला हेल्मेटही घालता येत नाही. त्याच्यासाठी एसटी, रिक्षा, चारचाकीच बरी.

गटाने काय करायचं?

पुढच्या बैठकीत पंधरा मिनिटं या विषयाला द्या. गटात कुणाकुणाकडे लायसन आहे, ते वहीत लिहा. कुणाला दिवस गेले असतील तर तिला विचारा, गाडी कुठे राहणार, चावी कुणाकडे, विमा कधी संपतो. तिची गाडी पंधरा दिवसांनी कोण फिरवून आणणार, ते नाव ठरवा. ९ तारखेच्या तपासणीला तिच्यासोबत कोण जाणार, तेही लिहा. आणि ती माहेराहून परतली की बाळाला बघायला जाल, तेव्हा बाळंतविड्यासोबत तिच्या गाडीची बॅटरी चार्ज करून घेऊन जा.